कॅप्टन स्लोकमचं तरंगतं घर

आपल्या हॉस्टेलच्या ॲडमिशन फॉर्मवर एक रकाना असतो, मूळ गाव. फर्स्ट इयरला तो मी कोरा ठेवला आणि रेक्टर सरांनी फॉर्म परत केला. बाकीच्यांना हा प्रश्न म्हणजे फुकटचे मार्क. मला मात्र व्हायवाला बाहेरच्या एक्झामिनरने सिलॅबसबाहेरचं विचारावं तसं झालं. कारण माझे वडील कालव्यांच्या आणि बोगद्यांच्या कामावर सुपरवायझर. काम संपलं की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि पुढच्या साइटवर पत्र्याच्या दोन खोल्यांत उतरवायचा. नववीपर्यंत माझ्या सात शाळा झाल्या. दहावीच्या तोंडावर आईने निक्षून सांगितलं की आता ती कुठेही येणार नाही. तिने कराडला एक खोली घेतली, मला आणि धाकट्या बहिणीला शाळेत घातलं, आणि बाबा एकटेच पुढच्या साइटला गेले. त्या वेळी मला आईचा भयंकर राग आला होता. तो बरीच वर्षं टिकला.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या पी.एल.मध्ये लायब्ररीत हाती लागलेलं एक जुनं पुस्तक. कव्हर गेलेलं, पानं पिवळी. स्ट्रक्चरचा अभ्यास करायला बसलो होतो आणि उठलो तेव्हा मेस बंद झाली होती. पुस्तक कॅप्टन जोशुआ स्लोकमचं. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस म्हणून तो प्रसिद्ध आहे. मित्रांनो, सगळ्यांना माहीत असतो तो हा एकटा स्लोकम. पण त्याआधी तब्बल तेरा वर्षं हा माणूस बायकामुलांसकट समुद्रावरच राहत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. मिळतील ती आणखी पुस्तकं शोधून वाचली. मला सांगायची आहे ती ही गोष्ट.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. अकरा भावंडांतला तो पाचवा. आई दीपगृह सांभाळणाऱ्याची मुलगी. वडिलांची शेती चालेना म्हणून घर ब्रायर बेटावर आलं आणि वडील कोळ्यांसाठी बूट शिवू लागले. पोराला त्याच कामाला जुंपलं. बूट शिवता शिवता पोराने तळघरात लपून जहाजाचं एक मॉडेल बनवलं. वडिलांना सापडलं, आणि त्यांनी ते आपटून फोडलं. चौदाव्या वर्षी हा घरातून पळून एका मासेमारी बोटीवर स्वैपाकी झाला, पण परत आला. १८६० मध्ये आई गेली. सोळाव्या वर्षी त्याने घर सोडलं ते कायमचं. शिक्षण म्हणाल तर आपल्या भाषेत प्राथमिकसुद्धा पूर्ण नाही. पण जहाजावर गणित आणि नौकानयन शिकत अठराव्या वर्षी त्याने सेकंड मेटचं सर्टिफिकेट मिळवलं. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोला आला, अमेरिकन नागरिक झाला, कोलंबिया नदीत सामन माशांच्या धंद्यात पडला, तिथे जाळ्याच्या मासेमारीसाठी स्वतः एक बोट डिझाइन केली. डिग्री नाही, पण माणूस आपल्या जातीचा.

१८६९ मध्ये त्याला पहिल्यांदा स्वतःच्या हुकमतीत एक जहाज मिळालं. आता योगायोग बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुएझ कालवा खुला झाला. कालव्यातून आणि तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांतून शिडाच्या जहाजाला जाणं जिकिरीचं, आगबोटीला सोपं. म्हणजे ज्या वर्षी हा कॅप्टन झाला, त्याच वर्षी त्याच्या धंद्याला घरघर लागायला सुरुवात झाली. कॉलेजात चार वर्षं घासून शिकावं आणि बाहेर पडताना कळावं की ते मशीनच बंद होतंय, तसा प्रकार.

१८७१ च्या जानेवारीत तो 'वॉशिंग्टन' नावाचं जहाज घेऊन सिडनीला आला. तिथे त्याला व्हर्जिनिया वॉकर भेटली. जन्माने अमेरिकन, वाढलेली ऑस्ट्रेलियात. ३१ जानेवारीला लग्न झालं, आणि नवरी माहेरचा उंबरा ओलांडून थेट जहाजावर चढली. हनीमून कुठे, तर अलास्कात, सामन पकडायला! तिथल्या कुक इनलेटमध्ये वादळात नांगर घसरला आणि जहाज किनाऱ्यावर आपटून गेलं. स्लोकमने छोट्या होड्या जमवून बायको, खलाशी आणि पकडलेले मासे, सगळं सुखरूप परत आणलं. मालकांचं जहाज बुडालं होतं, तरी त्यांनी त्याला दुसरं जहाज दिलं. त्याचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन'.

इथून पुढे जहाज हेच घर. थोरला व्हिक्टर १८७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात, जहाजावरच जन्मला. दुसरा बेंजामिन ऑस्ट्रेलियात. त्याचं मधलं नाव एमार, ते वडिलांच्या पुढच्या जहाजाचं नाव! जेसी ही मुलगी फिलिपिन्समध्ये, आणि धाकटा गारफिल्ड १८८१ मध्ये हाँगकाँगला. आमच्या हॉस्टेलच्या फॉर्मवर या चौघांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. तेरा वर्षांत व्हर्जिनियाला सात मुलं झाली. जगली ती ही चार. रशियाच्या टोकाला कामचाटकाच्या थंड समुद्रात मासेमारी चालू असताना तिने 'पातो' नावाच्या नव्वद टनी छोट्या जहाजावर जुळ्यांना जन्म दिला आणि ती दोन्ही काही दिवसांत गेली. डॉक्टर नाही, शेजारीण नाही. चोहीकडे पाणी, आणि नवरा कामावर.

हे 'पातो' मिळालं कसं, तेही वाचण्यासारखं आहे. आधीचं जहाज मालकांनी मनिलात विकून टाकलं आणि हे कुटुंब रस्त्यावर आलं, किंवा किनाऱ्यावर आलं म्हणा. एका इंग्रज जहाजबांधणीवाल्यासाठी स्लोकमने सुबिक खाडीकाठच्या जंगलात दीडशे टनी आगबोटीचा सांगाडा बांधून दिला. राहायला गवताने शाकारलेली झोपडी, खाली जमिनीत साप-विंचू. मोबदला म्हणून पैशाऐवजी हे छोटं जहाज हातात पडलं. स्पॅनिशमध्ये पातो म्हणजे बदक. झोपडीतून मंडळी बदकावर बसली आणि निघाली.

मुलांचं शिक्षण व्हर्जिनिया स्वतः घ्यायची. सकाळी शाळा, रीतसर, पाटी-पुस्तकांसकट. जहाजावर पुस्तकांची कपाटं होती. पुढे 'ॲक्विडनेक' या जहाजावर तर पियानो होता, आणि लाटांनी सरकू नये म्हणून तो तळाला बोल्टने आवळलेला. शिवण, शिकवणं, आजारपण, सगळं ती बघायची, आणि रिव्हॉल्व्हरने शार्क मारण्यात तिचा नेम पक्का होता. ही करमणूक नव्हती. १८८२ मध्ये 'नॉर्दर्न लाइट' या २३३ फुटी मोठ्या जहाजावर खलाशांनी बंड केलं, एका मेटला भोसकलं, तेव्हा ती हातात रिव्हॉल्व्हर घेऊन नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली. मुलं खाली केबिनमध्ये होती.

इथे हीरोची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे चरित्र न राहता पोवाडा होईल. त्याच 'नॉर्दर्न लाइट'वर त्याने एका अधिकाऱ्याला कित्येक दिवस बेड्या घालून कोंडून ठेवलं. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्या माणसाने फिर्याद केली आणि कोर्टाने स्लोकमला दोषी धरून दंड ठोठावला. ज्या छपराखाली मुलं राहत होती, त्याच छपराखाली एक माणूस बेड्यांत होता. तरंगतं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नुसता सूर्यास्त येतो. ते घर कारखानाही होतं आणि गरज पडली की तुरुंगही.

१८८४ मध्ये त्याने 'ॲक्विडनेक' विकत घेतलं. ३२६ टनी, देखणं, स्वतःच्या मालकीचं. त्याच वर्षी २५ जुलैला ब्युनोस आयरिस बंदरात व्हर्जिनिया त्या जहाजावरच वारली. वय पस्तिशीच्या आत. ती तिथल्या इंग्रजांच्या कबरस्तानात आहे. पुढे थोड्याच दिवसांत, इतक्या वर्षांच्या अनुभवी कॅप्टनने आपलं जहाज वाळूवर चढवलं. ते निघालं, पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. मुलांना त्याने अमेरिकेत नातेवाइकांकडे पोहोचवलं.

दीड वर्षाने, फेब्रुवारी १८८६ मध्ये, त्याने नात्यातल्याच हेटी एलियटशी लग्न केलं. ती चोवीस वर्षांची, तो बेचाळीसचा. आठवड्याच्या आत हेटी, व्हिक्टर आणि गारफिल्ड यांना घेऊन जहाज दक्षिण अमेरिकेकडे निघालं आणि पहिल्याच फेरीत चक्रीवादळात सापडलं. पुढच्या दोन वर्षांत बिचाऱ्या हेटीच्या वाट्याला काय काय आलं त्याची यादीच करतो. कॉलऱ्याच्या साथीमुळे ब्राझीलच्या बंदराने माल उतरवू न देता परत पाठवलं. अंतोनिनाच्या बंदरात रात्री काही खलाशी चाल करून आले. पावलांचा आवाज आधी हेटीने ऐकला. स्लोकमने गोळी झाडली, एक मेला, एक जखमी झाला. खटला चालून तो निर्दोष सुटला. मग नव्या खलाशांत देवीची साथ आली आणि माणसं मेली. आणि १८८७ च्या अखेरीस पारानाग्वाच्या खाडीत 'ॲक्विडनेक' वाळूच्या दांड्यावर फुटलं. विमा नव्हता. जन्माची कमाई एका भरतीत गेली.

आता इथून पुढचा भाग मी वर्कशॉपच्या मुलांना खास वाचायला सांगेन.

परत जायला तिकिटाचे पैसे मागण्यापेक्षा त्याने किनाऱ्यावर बोट बांधायला घेतली. फुटक्या जहाजाची लाकडं आणि जंगलातली झाडं हे मटेरियल. हत्यारं म्हणजे एक कुऱ्हाड, एक वाकस, दोन करवती, थोडी गिरमिटं आणि किनाऱ्याला वाहून आलेल्या शिडाच्या जुन्या पिशवीत सापडलेली एक कानस. शिडं शिवायच्या सुयांचे ड्रिल केले. क्लॅम्प नव्हते, ते जंगलातल्या वाकड्या लाकडांचे केले. खिळ्यांखाली वॉशर हवेत, तर तांब्याची नाणी वापरली! सोळा वर्षांचा व्हिक्टर सुतार आणि दोर वळणारा. शिडं हेटीने शिवली. लांबी ३५ फूट, रुंदी साडेसात फूट, खोली ३ फूट. शिडांची रचना चिनी सांपानसारखी, कारण इतक्या वर्षांच्या पूर्वेकडच्या वाऱ्यांत त्याला ती हाताळायला सर्वांत सोपी वाटली होती. दोन्ही बाजूंना जाड बांबू बांधले, म्हणजे तरण्याची ताकद वाढली. एकूण खर्च शंभर डॉलरच्या आत. आमच्या बॅचच्या मिनी प्रोजेक्टचा हिशेब मी इथे देत नाही.

बोट पाण्यात उतरली ती १३ मे १८८८ ला. नेमक्या त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. म्हणून बोटीचं नाव 'लिबर्दादे' म्हणजे स्वातंत्र्य. २४ जूनला हे चौघं निघाले. गारफिल्ड सात वर्षांचा. पहिल्याच वादळात शिडं फाटली. सांतोसहून रिओपर्यंत एका टपाल-आगबोटीने दोर लावून ओढत नेलं. मग नवी शिडं, आणि पुढचा प्रवास. एकदा देवमाशाने खालून धक्का दिला. प्रत्यक्ष समुद्रावरचे ५५ दिवस, साडेपाच हजार मैल, आणि ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेचा साउथ कॅरोलायनाचा किनारा. डिसेंबरात ही घरगुती बोट वॉशिंग्टनला पोहोचली तेव्हा ती बघायला लोक जमले.

हेटी बोटीतून उतरली आणि त्यानंतर ती नवऱ्याच्या बोटीवर संसार करायला पुन्हा गेली नाही.

पुस्तकं या वाक्यावरून भरभर पुढे जातात, कारण पुढे खरी प्रसिद्ध गोष्ट सुरू होते. मीही थोडक्यात सांगतो. बॉस्टनला आल्यावर कॅप्टनला काम मिळेना. जमाना वाफेचा झाला होता. १८९२ मध्ये एका जुन्या व्हेल-शिकारी कॅप्टनने त्याला एक बोट फुकट देऊ केली. जाऊन पाहतो तर ती फेअरहेवनच्या कुरणात कित्येक वर्षं ताडपत्रीखाली कुजत पडलेली. नाव 'स्प्रे'. त्याने शेजारचा ओक तोडून आणून एकेक फळी बदलली. तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. २४ एप्रिल १८९५ ला बॉस्टनहून निघालेला हा एकांडा माणूस जिब्राल्टर, ब्राझील, मॅगेलनची सामुद्रधुनी, सामोआ, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका असा ४६,००० मैल फिरून २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परतला. वेळ बघायला एक पत्र्याचं घड्याळ. किंमत दीड डॉलर, पण काच फुटकी म्हणून दुकानदाराने एक डॉलरला दिलेलं. मॅगेलनमध्ये रात्री चढून येणाऱ्यांसाठी त्याने डेकवर गालिच्याचे खिळे पसरून ठेवले, ही गोष्ट तर सगळे सांगतात.

इंजिनियरला महत्त्वाचं वाटावं असं वेगळंच. हिंदी महासागरात कीलिंग बेटांपर्यंतच्या २७०० मैलांत, २३ दिवसांत, त्याने स्वतः सुकाणू धरलं ते जेमतेम तीन तास. बाकी वेळ चाक बांधून ठेवलेलं आणि बोट आपली आपण सरळ चाललेली. ऑटोपायलट नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. बोटीचा तळातला कणा, म्हणजे कील, लांब आणि सरळ. शिडांवरचा वाऱ्याचा जोर आणि पाण्याचा विरोध यांचा तोल असा साधलेला की नाक जरा वळलं की जोर बदलून ते पुन्हा जागेवर यायचं. फीडबॅक कंट्रोल शिकवताना आमच्या सरांनी हे उदाहरण दिलं असतं तर माझी के.टी. वाचली असती.

प्रवासात तो ब्युनोस आयरिसलाही थांबला होता, जिथे व्हर्जिनिया होती. तिथे त्याने डोलकाठी आखूड केली. त्याचं पुस्तक १९०० मध्ये आलं, आजही छापलं जातं. त्यात वारा आहे, प्रवाह आहेत, गमती आहेत. व्हर्जिनियाबद्दल जवळजवळ काही नाही. मला वाटतं, काही कंपार्टमेंटं त्याने सील करून टाकली होती. जहाजात तसं करतात, म्हणजे एकात पाणी शिरलं तरी जहाज बुडत नाही.

शेवट फारसा चांगला नाही. हेटीसाठी मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याने शेत घेतलं, पण त्याचा जीव जमिनीवर रमेना. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका लहान मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप त्याच्यावर झाला. त्याने तो कोर्टात लढवला नाही, आणि ४२ दिवस तुरुंगात काढले. आवडत्या माणसाच्या चरित्रात हे वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. पण बोटीची मापं लिहायची आणि हे गाळायचं, हे बरोबर नाही. पुढे 'स्प्रे'वरूनच दक्षिण अमेरिकेकडे जातो म्हणून तो निघाला आणि ना तो सापडला ना बोट. १९२४ मध्ये कोर्टाने त्याला मृत ठरवलं आणि मृत्यूची तारीख धरली १४ नोव्हेंबर १९०९. आयुष्यभर पाण्यावर राहिलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं.

त्याच्यानंतर शेकडो जणांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्याकडे २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे यांनी मुंबईहून निघून एकट्याने ती पुरी केली, पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात बांधलेली. त्या वाटेवरचं पहिलं पाऊल मात्र कुरणातल्या कुजक्या बोटीतून पडलं होतं.

पुस्तक संपवलं त्या रात्री मी आईला फोन केला. हेटी बोटीवरून उतरली ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं की कराडला तू का थांबलीस. माझी समजूत होती की तिला साइटचा कंटाळा आला, शहर हवं होतं. तिने सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. मी आठवीत असताना एका कालव्याच्या साइटवर पावसाळ्यात बहिणीला ताप आला होता. रस्ता वाहून गेलेला, जीप निघेना, बाबा बोगद्यात शिफ्टवर. चार रात्री ती पत्र्याखाली पोरीच्या कपाळावर घड्या ठेवत बसली होती. पाचव्या दिवशी ताप उतरला. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आणि बाबांना सांगायला तिला वर्ष लागलं. मला ते दिवस आठवतात, पण वेगळे. शाळा बंद होती आणि मी ओढ्यात कागदाच्या होड्या सोडत होतो.

व्हिक्टरने मोठेपणी वडिलांचं चरित्र लिहिलं आणि तोही जन्मभर जहाजांवरच राहिला. तरंगत्या घरातल्या मुलांना ते घर आवडलं होतं, मलाही पत्र्याच्या खोल्या आवडल्या होत्या. पण कामचाटकाच्या समुद्रात जुळ्यांना गमावणारी व्हर्जिनिया काय म्हणाली असती, ते कुठल्याच पुस्तकात नाही. तिने लिहिलं नाही, आणि तिच्या नवऱ्याने तो विषय काढला नाही.

कॅम्पसमधून मला जी नोकरी मिळाली आहे ती साइटवरचीच आहे, बोगद्याची. मी जाणार आहे. ते काम मला येतं, आवडतं. फक्त पुढे कधी ट्रक भरायची वेळ आली, तर बरोबर येणाऱ्या माणसाला आधी विचारायचं, आणि उत्तर नाही असलं तरी ऐकायचं, एवढं ठरवलं आहे. फायनल इयरच्या हॉस्टेल फॉर्मवर मूळ गाव या रकान्यात मी कराड लिहिलं. रेक्टर सर काही बोलले नाहीत.

पुस्तक मी परवा परत केलं आहे. सिव्हिलच्या रॅकच्या शेवटी, अगदी खालच्या फळीवर. कव्हर नाही, तेव्हा जरा शोधावं लागेल.